मायनस नऊची सैर

“डोळे म्हणजे काय, ते मला विचारा!” असं म्हणून चष्मेवाल्यांनी टेबलावर अशी थाप मारली की चहाचे तिन्ही कप बशीतल्या बशीत दचकले.

त्यांना विचारण्यात अर्थ होताच म्हणा. बाजारपेठेत शिंप्याच्या आणि फोटो स्टुडिओच्या मधोमध त्यांचं चिंचोळं दुकान होतं. तिथं बसून सव्वीस वर्षं ते लोकांच्या डोळ्यांत डोकावत आले होते. माणूस दुकानाची पायरी कशी चढतो, एवढ्यावरून त्याचा नंबर सांगायचे, आणि तो पाव-अर्ध्याच्या फरकानं खरा निघायचा! स्वतःचा नंबर मात्र ते कुणाला सांगत नसत. तो मायनस नऊ होता. त्यांच्या चष्म्याच्या काचा बरणीच्या बुडासारख्या जाड होत्या. चष्मा काढला की समोर आरसा आहे की बायको, हे त्यांना आवाजावरून ओळखावं लागे.

ही थाप ज्यांच्यासमोर मारली गेली, त्या बाई मात्र दचकल्या नाहीत. पस्तीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका टेबलावरच्या थापेला दचकत नसतात. अख्खं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणे. गेली वीस वर्षं त्या ‘पायवाट मंडळ’ चालवत होत्या. दर रविवारी पहाटे तळ्याकाठच्या रानातून सैर असे. ‘वय वर्षे सहा ते शहाऐंशी, सर्वांचे स्वागत’ अशी पाटी आणि पाटीखाली बाईंची सही. पाखरं, किडे, झाडं, पावलांचे ठसे, सगळं दाखवायच्या. आता त्यांनी एकदम जाहीर केलं होतं की वीस वर्षं पुष्कळ झाली, सैर कुणातरी दुसऱ्यानं न्यावी.

कुणातरी दुसऱ्याच्या जागेसाठी दोन उमेदवार होते. एक चष्मेवाले. दुसरे त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साडूंकडे तोफेएवढा कॅमेरा होता आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल एक मत होतं.

“परवाच्या रविवारी तुम्ही न्या,” बाई चष्मेवाल्यांना म्हणाल्या. “मी नुसती सोबत चालेन. त्यानंतर ठरवू.”

बाई गेल्यावर बायको म्हणाली, “एवढ्या बढाया कशाला मारायच्या? आणि जादा चष्मा बरोबर घ्या हो. गिऱ्हाइकांना रोज सांगता, एक नाकावर, एक खिशात.”

“गिऱ्हाइकांचं वेगळं असतं,” चष्मेवाले म्हणाले. “माझा चष्मा सव्वीस वर्षांत एकदाही पडलेला नाही!”

बढाईमागे एक खरी गोष्ट होती, आणि ती ते बढाई मारताना कधी सांगत नसत. तीन वर्षांपूर्वी बायकोनं त्यांना ओढत एका सैरीला नेलं होतं. तळ्याकाठी उभे असताना एक खंड्या फांदीवरून सुटला, निळ्या ठिणगीसारखा पाण्यात शिरला आणि मासा घेऊन वर आला. बस्स! त्या क्षणापासून माणूस कामातून गेला. काउंटरखाली पाखरांचं पुस्तक आलं. एका गिऱ्हाइकानं विचारलं, “जवळचं दिसत नाही, काय करू?” तर हे म्हणाले, “दबा धरून बसा, ते आपणहून येईल.”

रविवारी पहाटे धुकं असं दाट उतरलं होतं, जणू रानानं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं होतं. फाटकापाशी एकोणीस माणसं जमली. त्यांत शहाऐंशी वर्षांचे ड्रायव्हर आजोबा होते. चाळीस वर्षं बस चालवून आता ते फक्त पायी हिंडत. नर्सताई होत्या, त्यांची सहा वर्षांची लेक चिमणी होती. साडू होते, त्यांची तोफ होती. मंडळाची केशरी जाकिटं तिघांच्याच अंगात होती. चष्मेवाले पुढं, बायको सगळ्यांत मागं डोकी मोजायला आणि बाई मधे कुठंतरी, काठी टेकत, गप्प.

“मंडळी!” चष्मेवाल्यांनी घसा साफ केला. “रानात कान चालतात, नाक चालतं, पण राजा कोण? डोळा! माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि माझ्या मागून या!”

दहाच मिनिटांत ओढा आला. दगडांवरून पलीकडं जायचं होतं. चष्मेवाले मधल्या दगडावर थांबले आणि पाण्यावर चालणारे किडे दाखवायला ऐटीत वाकले. कानशिलं धुक्यानं ओली झाली होती. चष्मा नाकावरून असा निसटला, जसा काही त्याला कुणी पाण्यातून हाक मारली होती.

डुबुक!

चष्मेवाल्यांनी कोपरापर्यंत हात घातला. एक गोटा लागला, कुजकं पान लागलं, काहीतरी गिळगिळीत लागलं आणि ते आपणहून निघून गेलं. चष्मा नाही.

“काका, काय शोधताय?” मागच्या दगडावरून चिमणीनं विचारलं.

“पाण्याचं तापमान!” काका म्हणाले.

“किती आहे?”

“बरं आहे.”

ते पलीकडं जाऊन उभे राहिले. ‘चष्मा पडला’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण आत्ताच ‘माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवा’ म्हटलं होतं! आणि साडू ऐकत होते. साडूंनी ही गोष्ट पुढची तीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगितली असती. वाट तर पायाखालची आहे, चष्मेवाल्यांनी मनाला समजावलं. ओढा, मग तळं, मग वडाच्या मोठ्या झाडाशी डावीकडं, की आलं फाटक. डोळे मिटून जाईन.

त्यांनी मान वर केली आणि थबकले.

सातव्या वर्षी नाकावर चष्मा चढला, तेव्हापासून त्यांनी घराबाहेरचं जग असं कधी बघितलंच नव्हतं. झाडांच्या कडा गेल्या होत्या. बुंधे वर जाता जाता धुरासारखे विरत होते. हिरवा रंग पानांत मावेना म्हणून हवेत सांडला होता. कुठंतरी उजेडाचा एक गोळा लोंबत होता, आणि तो सूर्य होता की कोळ्याचं दव पडलेलं जाळं, ते कळायला काही मार्ग नव्हता. सगळं कसं ओल्या कागदावर रंग सोडावा तसं एकमेकांत मिसळलेलं! त्यांना वाटलं, आपण उठलोच नाही, अजून अंथरुणातच आहोत आणि हे रान आपल्याला पडतंय.

“काय दिसतंय?” मागून साडूंनी विचारलं.

“तिथं...” चष्मेवाल्यांनी हात पुढं केला आणि जे दिसत होतं तेच सांगितलं. “तिथं काहीतरी सोन्याचं थरथरतंय.”

एकोणीस जणांनी बघितलं. झुडपाच्या पोटात एक वाळकं पान कोळ्याच्या एका धाग्याला लटकून फिरत होतं आणि त्याच्यावर नेमका उजेड पडला होता. एरवी कुणी ढुंकूनही बघितलं नसतं.

“अगं बाई! खरंच की!” नर्सताई हळूच म्हणाल्या.

“हे पुस्तकात नसतं हं,” ड्रायव्हर आजोबा म्हणाले.

चष्मेवाल्यांना धीर आला. धीर आला की त्यांची जीभ सुटायची. तळ्याकाठी पोचल्यावर त्यांनी पाण्याच्या कडेला एक उंच, पांढरी, निश्चल आकृती बघितली आणि हात वर करून सगळ्यांना जागीच थांबवलं.

“बगळा!” ते कुजबुजले. “मोठा आहे. बसा सगळे, हलू नका. तो हलला की मासा धरणार. तोवर शब्द नाही!”

सगळे बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बगळा हलेना. वीस मिनिटांनी धुक्यातून पाखरांचे आवाज एकेक करून यायला लागले, आधी लाजत, मग बिनधास्त. पाण्यावर कुठंतरी मासा उसळला आणि त्याची वर्तुळं काठापर्यंत आली. चिमणी आईच्या मांडीवर झोपली. ड्रायव्हर आजोबांनी डोळे मिटले, आणि पुष्कळ वेळानं त्यांच्या गालावरून एक थेंब खाली आला. तो त्यांनी पुसला नाही. चाळीस वर्षांत त्यांना कुणी इतका वेळ थांब्याशिवाय थांबू दिलं नव्हतं.

चाळीस मिनिटांनी साडू सरपटत चष्मेवाल्यांच्या कानाशी आले. त्यांनी तोफेतून नीट बघितलं होतं.

“अहो,” ते फुसफुसले, “तो फलक आहे! ‘येथे पोहू नये’ लिहिलंय त्याच्यावर!”

चष्मेवाल्यांच्या अंगातून वीज गेली. पण सव्वीस वर्षं दुकानदारी केलेला माणूस तो!

“ठाऊक आहे मला,” ते तितक्याच हळू म्हणाले. “नुसतं बसा म्हटलं असतं तर बसला असतात?”

साडू सरपटत परत मागं गेले. त्यांच्याकडं एका गोष्टीबद्दल मत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

“आता फाटकापर्यंत मौन!” चष्मेवाल्यांनी उठून फर्मान काढलं. बोलणं बंद झालं की प्रश्न बंद होणार होते.

प्रश्न बंद झाले, पण वाटही बंद झाली! धुकं आणखी दाटलं होतं. पायाखाली मुळं यायला लागली. एकदा ते एका खोडाला “माफ करा” म्हणाले. शेवटी शेजारून केशरी रंगाचा एक ढग सरकताना दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. बायको! डोकी मोजत पुढं आली असणार. त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. हात जरा दचकला, मग स्थिर झाला.

“बोलू नकोस, मौन आहे,” ते कुजबुजले. “नुसती चालत राहा आणि मला ने. मला काही म्हणजे काही दिसत नाहीये. चष्मा ओढ्यात गेला.”

“हं,” हात म्हणाला.

“तू म्हणाली होतीस, जादा चष्मा घ्या. आता टोमणा मारू नकोस. बाईंना कळलं ना, तर संपलंच सगळं. ती बाई म्हणजे! शाळा सुटून वर्षं झाली, पण हातातली पट्टी काही सुटली नाही. आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. मनातल्या मनात मार्क वजा करत असणार.”

“हं.”

पावलांखाली ओली पानं दबत होती. धुक्यातून चालताना माणूस नको ते बोलतो.

“पण खरं सांगू का तुला?” चष्मेवाले म्हणाले. “मला तिच्यासारखं व्हायचंय. ती उभी राहिली की झाडंसुद्धा सरळ उभी राहिल्यासारखी वाटतात. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना दिसावं म्हणून खटपट केली. स्वतःसाठी बघावं असं काही वाटलंच नव्हतं गं. हे काम मला मिळालं नाही तर चालेल असं मी सगळ्यांना सांगतो. पण नाही चालणार.”

ह्यावर हात ‘हं’सुद्धा म्हणाला नाही. फक्त थोडा घट्ट झाला. आज बायकोचा हात जरा खरखरीत लागतोय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण धुक्यात सगळंच वेगळं लागत होतं.

ते चालत राहिले. वडाचं झाड काही येईना. उलट वाट सपाट झाली, आणि समोर, बाप रे! समोर पांढरंशुभ्र काहीतरी डोलत होतं! एक नव्हे, शेकडो! रांगांमागून रांगा, जमिनीपासून डोक्याच्या वरपर्यंत, वाऱ्यावर हळूहळू फुगणारं आणि मिटणारं. आणि वास! स्वच्छ, गोड, पहाटेसारखा!

चष्मेवाले स्वतःच काढलेलं मौन विसरले.

“फुललंय!” ते ओरडले. “अख्खं रान फुललंय! या, आत या! हात लावून बघा! गालाला लावा!”

आणि चाळीस मिनिटांच्या शांततेनं विरघळलेली ती एकोणीस माणसं काही न विचारता आत शिरली. ड्रायव्हर आजोबा हात पसरून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हिंडू लागले. नर्सताई डोळे मिटून उभ्या राहिल्या. जागी झालेली चिमणी आत-बाहेर पळत सुटली. धुकं आणि ते पांढरं, ह्यांत कुठं काय संपतं हेच कळेना. सगळे हसत होते, आणि एकमेकांना दिसत नसल्यामुळं ते हसू कुणाचं आहे हेही कळत नव्हतं. साडूंनीसुद्धा तोफ खाली केली आणि एका पांढऱ्या पडद्यावर हलकेच कपाळ टेकवलं.

“ओ!” ढगफुटी व्हावी तसा आवाज आला. “कोण रे तिकडं? माझ्या चादरी!”

सगळं जागच्या जागी गोठलं.

पांढऱ्यातून लाँड्रीवाल्या मावशी बाहेर आल्या. दोन्ही हात कमरेवर, खांद्यावर चिमट्यांची माळ. “दोनशे चादरी! पहाटे उठून धुतल्या! आणि हे चिखलाचे पंजे! आणि हे नाक कुणाचं उमटलंय इथं?”

नाक साडूंचं होतं. ते कॅमेऱ्यामागं गेले.

तेवढ्यात धुकं हललं, रांगांच्या पलीकडून खरीखुरी बायको धापा टाकत आली आणि तिनं जे बघितलं ते मोठ्यानं विचारलं.

“अहो! तुम्ही बाईंचा हात का धरलाय?”

चष्मेवाल्यांनी हाताकडं बघितलं. मग हाताच्या वर केशरी जाकीट आणि त्याच्या वर धूसर, पांढऱ्या केसांचा ढग. तो ढग बायकोचा नव्हता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. पण धरणीनं काही मनावर घेतलं नाही.

“आधी चादरींचं बघू,” बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी हात सोडवून घेतला, तोसुद्धा घाई न करता. “मावशी, चूक आमची आहे. हौद कुठं आहे? हे सगळे पिळायला येतील.”

शाळा चालवलेला आवाज होता तो! क्षणात एकोणीस माणसांच्या बाह्या वर गेल्या. मावशी आधी तणतणल्या, मग हुकूम सोडू लागल्या आणि शेवटी आजोबांना आघळपघळ पिळतात म्हणून शिकवायला लागल्या. दोघं-दोघं चादर धरून उलटसुलट पीळ देत होते, पाणी धारांनी गळत होतं, ऊन नुकतं धुक्यातून झिरपायला लागलं होतं आणि उडणाऱ्या थेंबांत चिमणीला दोन इंद्रधनुष्यं सापडली. आजोबांनी मान हलवून विचारलं, “झकास कार्यक्रम! पुढच्या वेळी घरचे कपडे आणले तर चालतील का?”

कुणी कुणाबरोबर पिळायचं ते बाईंनीच ठरवलं होतं. त्यामुळं चष्मेवाल्यांच्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला त्या स्वतः होत्या.

“बाई,” चष्मेवाले खालच्या मानेनं म्हणाले, “ते पट्टीचं मी...”

“डावीकडं पीळ द्या. तुमचा नंबर किती?”

“मायनस नऊ.” सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो उच्चारला होता.

बाईंनी चादरीला दोन वेढे दिले. तिसऱ्याला त्या थांबल्या.

“माझा मला ठाऊक नाही,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. आधी पाखरांच्या चोची जायला लागल्या, मग पाखरंच गेली. आता झाड आहे एवढं कळतं, कुठलं ते कळत नाही. मुलं विचारायची, बाई, तो कुठला पक्षी? मी म्हणायची, तूच सांग बरं. मुलांना वाटायचं मी परीक्षा घेतेय.”

चष्मेवाल्यांच्या हातातली चादर सैल पडली.

“म्हणजे... मघाशी मला नेत होतात, तेव्हा...”

“मी नेत नव्हते. मला वाटलं तुम्ही मला नेताय! चष्मा पडला असं तुम्ही म्हणालात, तेव्हा म्हटलं आता हात सोडला तर दोघंही पडू.” बाईंनी चादरीची पकड बदलली. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नाही. “ते सोन्याचं काहीतरी थरथरतंय म्हणालात ना, ते मला दिसलं हो. पुष्कळ दिवसांनी कुणीतरी मला दिसतं तेच बोललं.”

चादरीतून शेवटचे थेंब टपटपत राहिले. सव्वीस वर्षं ह्या माणसानं पायरीवरून नंबर ओळखले, आणि बाई दोन वर्षं डोळ्यांसमोर अडखळत होत्या ते त्याला काठीचा डौल वाटला होता! त्याची त्यांना भलतीच लाज वाटली.

“पुढच्या रविवारपासून सैर तुमची,” बाई म्हणाल्या. “दोन चष्मे घेऊन. आणि हे सगळ्यांना तुम्ही स्वतः सांगायचं.”

“सांगतो. आणि तुम्ही उद्या सकाळी दुकानात यायचं.”

“मला काही एवढी गरज नाही,” बाई एकदम ताठ झाल्या.

“बाई!”

“बरं, बरं. येते.”

घरी परतताना चष्मेवाले खऱ्या बायकोचा हात धरून चालले. आधी दोनदा नाव विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच बाई आल्या. पदर सारखा केला, तपासणीच्या खुर्चीत ताठ बसल्या आणि हनुवटी वर करून म्हणाल्या, “करा सुरू.” चष्मेवाल्यांनी त्यांचा डावा डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितलं.

बाईंनी वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, कुठं अडखळणं नाही, कुठं डोळे बारीक करणं नाही. मुंग्यांएवढ्या अक्षरांची शेवटची ओळसुद्धा त्यांनी खणखणीत आवाजात, काना-मात्रेसकट म्हणून दाखवली! चष्मेवाले थक्क झाले. हा चमत्कार म्हणायचा की कालचं धुकंच खोटं होतं? नीट टिपून घ्यावं म्हणून ते वळले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पडदा ओढून खोलीत अंधार त्यांनी केला होता, पण तक्त्यामागचा दिवा लावायचा राहून गेला होता.

“शाळेत दरवर्षी डोळे तपासणी व्हायची,” अंधारातून बाईंचा बारीक आवाज आला. “पस्तीस वर्षं तोच तक्ता होता.”

चष्मेवाल्यांनी दिव्याचं बटण दाबलं.

“छान, बाई,” ते म्हणाले. “आता परत एकदा. ह्या वेळी बघून.”